वांग्यांना पावडर लावली, बरं केलं!

मी एक जुना पितळी पंप आहे. शेतकरी पाठीवर अडकवून पिकावर औषध फवारतात ना, तोच. माझ्या अंगावर सतरा पोचे आहेत, एक पट्टा सुतळीचा आहे आणि बुडाशी डाग दिलेला आहे. पण मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मला कुणी ‘बिचारा’ म्हणायचं नाही. ज्याला कीव करायची हौस असेल त्याने दुसरीकडे जावं. मी भांडायला बसलोय.

माझा जन्म १९८१ साली मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पितळी पत्रा कापला, गोल वळवला, सांधे जोडले आणि मला पाण्याच्या हौदात बुडवलं. बुडबुडा आला की पंप नापास. माझ्यातून एकही बुडबुडा आला नाही. तपासणाऱ्याने माझ्या पोटावर खडूने बरोबरची खूण केली. जन्मल्याजन्मल्या पास! तेव्हापासून माझी मान जरा ताठच आहे.

भिवंडीच्या बाजारातून मला केसरीनाथ नावाच्या शेतकऱ्याने घेतलं. भिवंडीहून वाड्याकडे जो रस्ता जातो, त्यावर अंबाडीच्या थोडं अलीकडे त्यांचं गाव. एसटीत त्यांनी मला खाली ठेवलंच नाही, मांडीवर घेऊन बसले. गावात पाठीवरचा पंप आलेला पहिलाच. मला बघायला माणसं अंगणात जमली. केसरीनाथांनी दांडा मारला आणि साध्या पाण्याचा असा काही बारीक फवारा उडवला की पुढे उभ्या असलेल्या सगळ्यांची तोंडं धुऊन निघाली.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. भातावर तुडतुडे पडले, बोलवा पंप. वालावर मावा आला, बोलवा पंप. दसऱ्याला नांगराशेजारी मला बसवायचे आणि माझ्या गळ्यात झेंडूची माळ असायची. पण खरं सांगू? मला एक गोष्ट खुपायची. माझ्या पोटात नेहमी विष असायचं. मूल जवळ आलं की कुणीतरी ओरडायचं, “हात नको लावू त्याला!” गोठ्यात मी जिथे असायचो तिथून घरची मांजरसुद्धा लांबून जायची. सगळे माझं कौतुक करायचे, पण जवळ कुणी यायचं नाही. मारण्यासाठीच आपण जन्माला आलो, असं मला वाटू लागलं होतं.

मग १९८७ सालचा चैत्र आला.

आदल्या वर्षी पाऊस लवकर आटोपला होता. केसरीनाथांच्या विहिरीचा तळ दिसू लागला. शेतात दोन पिकं उभी होती. मोठ्या तुकड्यात भेंडी, ती बाजारात जायची. आणि बांधाशेजारी वांग्याची चाळीस झाडं. ही झाडं केसरीनाथांची बायको आनंदीबाई हिची.

ही वांगी साधी नव्हती. हिरव्या अंगावर पांढऱ्या रेघा आणि देठाला असे काटे की चोरालाही दोनदा विचार करावा लागेल. आनंदीबाईने हे बी माहेरहून आणलं होतं. तिचं माहेरचं गाव पुढे धरणात गेलं, माणसं चार दिशांना पांगली आणि हे बी दुसऱ्या कुणाकडे उरलं नाही. ती ते फडक्यात बांधून चुलीवर टांगून ठेवायची, धुराने कोरडं राहायचं. आदल्या वर्षी घरात रॉकेलचा स्टोव्ह आला. सगळे खूश. चूल बंद, धूर बंद. आणि पावसाळ्यात बियांना बुरशी लागली. जे थोडं वाचलं त्यातून ही चाळीस रोपं उगवली. आता यांना फळं लागून ती झाडावरच पिवळी पिकली, तरच नवं बी मिळणार होतं. त्याला अजून दीड-दोन महिने हवे होते. मधल्या काळात झाडं मेली, तर ते वांगं जगातूनच गेलं.

एका सकाळी नवराबायको विहिरीच्या काठाशी उभे होते. मी शेजारीच होतो.

“पानी हाय तं भेंडीपुरतंच हाय,” केसरीनाथ म्हणाले. “वांग्यांना एका दिसाआड तांब्याभर. जगली तं जगली.”

“आनि न्हाय जगली तं?”

“तं बाजारातनं बी आनू.”

“ह्या वांग्याचं बी बाजारात मिलतं व्हय? कंच्या दुकानात? दाखवा मना, मी आता चपला घालते.”

पण पाण्याचा हिशेब बदलला नाही. तांब्याभर म्हणजे तांब्याभर.

आता तय्यबाची ओळख करून देतो. शेताच्या बांधापलीकडे तिचं घर. ती तेव्हा नववीत होती आणि तिला प्रश्न पडायची सवय होती. तिचे वडील नूर मोहम्मद भिवंडीच्या निजामपुऱ्यात सायझिंगमध्ये कामाला होते. सायझिंग म्हणजे लूमवर, यंत्रमागावर, जाण्याआधी सुताला खळ लावतात तो कारखाना. खळीत स्टार्च असतं, आणि एक पांढरीशुभ्र, पिठासारखी माती असते. तिला तिथे चायना क्ले म्हणतात. नूर मोहम्मद ड्युटीवरून घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या.

एके दिवशी तय्यबा वडिलांचा डबा द्यायला निजामपुऱ्यात गेली आणि परत आली ती धावतच.

“काकी! आनंदीकाकी! सायझिंगच्या फाटकाशी भोपळ्याचे दोन वेल आहेत. एकावर ती पांढरी माती उडून बसलीय, तो भर दुपारी ताठ उभा! पलीकडचा हिरवागार आहे, पण त्याने माना टाकल्यात. आणि पाणी दोघांना कुणीच घालत नाही!”

“मग?”

“मग आपल्या वांग्यांना पांढरं करायचं!”

आनंदीबाई हसली. केसरीनाथही हसले. पण चैत्रातल्या दुपारी वांग्याची पानं कशी लोंबतात ते दोघं रोज बघत होते. शेवटी केसरीनाथ म्हणाले, “आठ झाडं घे. त्याच्यापल्याड हात लावू नको.”

मित्रांनो, इथे एक चूक झाली. आणि ती चूक भिवंडीतच होऊ शकते. तय्यबाने नुसती माती आणलीच नाही. तिने सायझिंगमधून तयार खळ आणली, डबा भरून. तिचा विचार असा, की सुताला जे घट्ट धरतं ते पानालाही धरेल. ती खळ पाण्यात कालवून माझ्या पोटात ओतली. मला ते अजिबात मानवलं नाही. नळी चिकट झाली, नोझल दोनदा बुजलं. मी खोकून खोकून सांगत होतो, पण पंपाचं कोण ऐकतं? आठही झाडं वरून-खालून पांढरी झाली.

शेजारच्या शेतातला मोरू बांधावर येऊन उभा राहिला. “काय रं केसरी, वांग्यांना पावडर लावलीस? आता गजरा पन आन! आनि वरात कदी?”

पण दुसऱ्या दिवशी दुपारी काय बघावं! बाकीच्या झाडांची पानं लोंबत होती आणि ही आठ झाडं ताठ उभी. एकही पान वाकलेलं नाही. तय्यबा बांधावर नाचली. आनंदीबाईने तिला गुळाचा खडा दिला. तिसऱ्या दिवशीही पानं तशीच. मोरूही थट्टा सोडून पानं निरखून गेला.

चौथ्या दिवशी केसरीनाथांनी एका पानाला हात लावला आणि पान कडकन मोडलं. पापडासारखं.

पानं ताठ होती ती खळीमुळे! खादीची टोपी खळीने उभी राहते, तशी ती उभी होती. आत जीव नव्हताच. खळ वरून आणि खालून वाळली होती, पानाला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. आठवडाभरात आठही झाडं गेली. चाळिसातली बत्तीस राहिली.

केसरीनाथ तय्यबाला फारसं बोलले नाहीत. त्यांनी राग माझ्यावर काढला. माझ्या पोटातही खळ वाळून बसली होती. दांडा हलेना. त्यांनी मला गोठ्यामागे भिरकावलं. त्या दिवशी माझ्या अंगावर नऊ पोचे एकदम आले. तिथे मी मोडक्या बादलीवर पडून होतो आणि मनात म्हणत होतो, चूक माझी नाही. माझ्यात जे भराल तेच बाहेर येणार. पाच वर्षं विष भरलंत, मी विष दिलं. एकदा खळ भरलीत, मी खळ दिली. नीट काहीतरी भरून तर बघा!

दोन दिवसांनी भंगारवाला आला. हातगाडीवर पत्रे, डबे, सायकलची चाकं. केसरीनाथांनी मला उचलून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने बोटाने माझ्यावर टकटक केलं आणि मला वजनकाट्याच्या आकड्याला लटकवलं. मी आयुष्यात अनेकदा पाठीवर लटकलो, पण आकड्याला लटकणं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात घरातून आवाज आला. “खाली ठेव त्याला!”

आनंदीबाई पीठ लागलेल्या हातांनी दारात उभी होती.

“अगो, गेला तो. जाम झालाय,” केसरीनाथ म्हणाले.

“पंप तुमचा हाय, मान्य. बी माजं हाय. मना पंप पायजे. इकायचाच हाय तं मना इका.”

“तुला? आनि तू काय देनार त्याच्या बदली?”

“देनार काय? आज जी भाकरी भाजतेय ती देईन. न्हाय तं उद्यापास्न तुमी भाजा.”

भंगारवाल्याने माझ्याकडे पाहिलं, केसरीनाथांकडे पाहिलं आणि मला हळूच आकड्यावरून उतरवलं. “भाऊ, ये सौदा मेरे बस का नहीं,” असं म्हणून तो गाडी ढकलत निघून गेला. केसरीनाथ हात धुवायला गेले. भाकरीचा वास येत होता, बोलणार काय?

आनंदीबाईने हात पुसले, मला डोक्यावर घेतलं आणि सरळ बांधापलीकडे तय्यबाच्या दारात नेऊन आदळलं.

तय्यबा चार दिवस शेताकडे फिरकली नव्हती. ती आतून आली. डोळे लाल.

“काय गो, घरात बसून काय करतंस?”

“काकी, आठ झाडं मीच मारली.”

“व्हय, तूच मारलीस. मी तुला न्हाय म्हनाय आले न्हाय. बत्तीस हायत अजून. मारलीस तं आता जगव.”

मित्रांनो, मी अनेक भाषणं ऐकली आहेत. सरपंचाचं ऐकलंय, औषध कंपनीच्या माणसाचं ऐकलंय. पण इतकं छोटं आणि इतकं जड मी कधी ऐकलं नाही.

नूर मोहम्मद शिफ्ट संपवून घरी आले होते. त्यांनी माझ्या नळीतली वाळलेली खळ नखाने खरवडली आणि कपाळावर हात मारला.

“बेटा, खळ आणलीस? मला वाटलं घरात कागद चिकटवायला नेतेस. अगं, खळ कशाला लावतात? सूत कडक व्हावं म्हणून. पान काय सूत आहे? आणि खळ सडू नये म्हणून त्यात औषध पण टाकतात. फाटकाशी आम्ही क्लेची रिकामी पोती झटकतो. वेलावर बसली ती नुसती माती!”

तय्यबाने वाळलेल्या खळीचा तुकडा बोटांत चुरडला. मग हळूच म्हणाली, “म्हणजे वेल खरा होता. मीच खोटी.”

“वेल खरा, तू अर्धी खरी,” नूर मोहम्मद म्हणाले. “पूर्ण खरी व्हायला आधी हा पंप धू.”

आणि माझी आंघोळ सुरू झाली! उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, काथ्या. एकदा, दोनदा, तीनदा. धुतलेलं पाणी विहिरीपासून लांब, खड्ड्यात ओतायचं, असं नूर मोहम्मदनी बजावलं होतं. माझ्या पोटातून खळ गेली आणि त्याच्या मागे इतक्या वर्षांचा विषाचा वासही गेला. तय्यबाने साधं पाणी भरून आधी बांधावरच्या गवतावर फवारलं. दोन दिवस थांबली. गवत हिरवंच राहिलं. मला रडू आलं असतं, पण मी पंप आहे, माझं पाणी नोझलमधूनच येतं.

या वेळी तिने घाई केली नाही. नूर मोहम्मदनी कोरी माती आणून दिली. ती तिने रात्रभर भिजवली, लूमवरच्या नव्या कापडातून दोनदा गाळली, त्यात साबणाचं थोडंसं पाणी घातलं आणि ताकाएवढी पातळ केली. मग शाळेचं विज्ञानाचं पुस्तक उघडून ती आनंदीबाईला सांगू लागली. मी तिच्या पाठीवर होतो, सगळं ऐकत होतो.

“काकी, पानाला बारीक बारीक तोंडं असतात. दिसत नाहीत इतकी बारीक. जास्त करून खालच्या बाजूला. झाड मुळातून पाणी घेतं आणि त्या तोंडांतून वाफ करून सोडतं. ऊन जितकं तापेल तितकं जास्त सोडतं. ती तोंडं बुजवली की झाड मरतं. मागच्या वेळी मी तीच बुजवली. आता फक्त वरून मारायचं. वरून पांढरं झालं की ऊन परत उडतं, पान कमी तापतं, पाणी कमी जातं.”

“आनि हे खरं हाय कशावरनं? मागल्या टायमाला पन ताठ उबी होती.”

“म्हणूनच या वेळी ताठ आहे का ते बघायचं नाही,” तय्यबा म्हणाली. “पाणी बघायचं.”

तिने चार झाडं वरून पांढरी केली. फवारा मारताना दुसऱ्या हाताने पान खालून धरायची, म्हणजे खाली थेंब जायला नको. फुलांवर तर मुळीच मारलं नाही. शेजारची चार तशीच ठेवली. आणि सकाळी प्रत्येक झाडाच्या एका डहाळीला प्लास्टिकची कोरी पिशवी दोऱ्याने बांधली, सगळ्या पिशव्या सारख्या, डहाळ्याही पानं मोजून सारख्या.

मोरू आलाच. “आधी पावडर, आता पिशव्या! केसरी, तुजी वांगी बाजाराला निघाली काय?”

केसरीनाथ लांबून भेंडीला पाणी घालत होते, पण त्यांची नजर इकडेच होती. दुपारी मोरू जेवायला गेल्यावर ते हळूच बांधापाशी आले.

“ह्या पिशव्यांत पानी कोनी भरलं?”

“कुणी नाही काका. झाडाने.”

“मस्करी करतंस?”

तय्यबाने हिरव्या झाडाची एक पिशवी अलगद सोडली आणि त्यांच्या एका तळहातावर पालथी केली. केसरीनाथांच्या हातात पाणी जमलं. ते त्याकडे बघतच राहिले.

“हे एका डहाळीचं. एका दुपारचं,” तय्यबा म्हणाली. मग तिने पांढऱ्या झाडाची पिशवी त्यांच्या दुसऱ्या तळहातावर ओतली. जेमतेम निम्मं पाणी निघालं.

केसरीनाथ दोन्ही हात पुढे धरून उभे होते. एका हातातलं पाणी बोटांतून गळत होतं. “मी खाली तांब्यानं घालतो,” ते स्वतःशीच म्हणाले, “आनि हे वरनं सोडून देतंय. म्हनजे मी आबालाला पानी पाजतोय!”

मग उरलेल्या जोड्याही उघडल्या. एका जोडीत दोन्हीकडे सारखंच निघालं, कारण तिथे हिरव्या झाडाच्या पिशवीला भोक होतं. तय्यबाने तेही वहीत लिहिलं. बाकी तीन जोड्यांत पांढऱ्या झाडांचं पाणी कमी.

“मग उरलेल्यांना कशाला थांबलीस?” केसरीनाथ एकदम ओरडले. “मार की सगल्यांवर! थांब, पंप जड हाय, एवड्या झाडांपुरता तुला न्हाय पेलनार, मी घेतो.”

“काका, मी रोज दोन हंडे आणते विहिरीवरून. हा पंप काय जड?” तिने पट्टे खांद्यावर ओढले. माझा एक पट्टा तुटला. तिने तिथल्या तिथे सुतळी बांधली आणि पुन्हा उचललं. ती सुतळी आजही आहे. मी बदलू दिलेली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही उरलेली अठ्ठावीस झाडंही पांढरी केली. पहिल्यांदाच कुणी ओरडलं नाही, “लांब व्हा!” गावातली लहान पोरं फवाऱ्याखाली येऊन उभी राहिली आणि पांढरी होऊन घरी गेली, त्यांच्या आयांनी शिव्या दिल्या त्या वेगळ्या. आनंदीबाईने प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी भाताचा पेंढा पसरला, म्हणजे मातीतला ओलावाही उन्हाने ओढू नये. दर दहा-बारा दिवसांनी आम्ही पुन्हा फवारायचो, कारण नवी पानं हिरवी यायची. आणि तांब्या तेवढाच. एका दिसाआड एक. केसरीनाथांनी एकदा चोरून दुसरा तांब्या ओतला, मी बघितलंय, पण मी चुगली करणार नाही. म्हणजे केलीच.

सगळं गोड झालं असं समजू नका. वैशाखात विहीर इतकी आटली की भेंडी अर्धी जळाली. वांग्याचीही सहा झाडं गेली. पांढरी माती पाणी वाचवते, पाणी बनवत नाही. मोरू म्हणाला, “बग, मेली ना?” तय्यबा म्हणाली, “मोरूदादा, सहा मेली. सव्वीस मोजायला तुम्हाला बोटं कमी पडली का?” त्याने खरोखरच हाताच्या बोटांकडे पाहिलं!

आणि मग एके दिवशी पानाआड एक वांगं पिवळं दिसलं. मग दुसरं. भाजीला तोडायची नाहीत, अशी सक्त ताकीद होती. केसरीनाथांना भरलं वांगं फार आवडतं, तरी त्यांनी एकालाही हात लावला नाही. मोजली तेव्हा एकोणीस वांगी पिवळी पिकली होती. बाकीची लहानपणीच वाळली.

आनंदीबाईने ती फोडली, गर पाण्यात कुस्करला. पोकळ बिया वर तरंगल्या, त्या फेकल्या. भरलेल्या बिया तळाशी बसल्या. तिने हात पाण्यात घालून त्या मुठीत धरल्या आणि बराच वेळ मूठ उघडलीच नाही. केसरीनाथ जवळ आले, म्हणाले, “उगड की. उगवनार हायत ती, उडून नाय जानार.”

बी वाळलं, राखेत घोळलं. त्यांच्याकडे रीत अशी, की असं बी सासरी जाणाऱ्या लेकीच्या ओटीत घालतात. आनंदीबाईने त्याच्या पुरचुंड्या बांधल्या आणि पहिली पुरचुंडी तय्यबाच्या हातात ठेवली.

तय्यबा गोंधळली. “काकी, माझं लग्न कुठे ठरलंय? आणि मी...”

“लगनाचं कोन बोललं? पेरायचं बोलते मी. माज्या एकटीकडंच व्हतं म्हनून तं जायची येल आली. तुज्या घरी पन असूं दे. आनि ज्याला पायजेल त्याला दे.”

पुढल्या चैत्रात मोरू आमच्या अंगणात आला. इकडचं तिकडचं बोलला. शेवटी म्हणाला, “केसरी, तो तुजा... पावडरचा पंप हाय काय मोकला?” मित्रांनो, त्या क्षणी मला दांडा असूनही टाळी वाजवता आली नाही, याचं दुःख मला अजून आहे. केसरीनाथांनी मला दिलं, पण बोट उगारून. “विष भरायचं न्हाय ह्याच्यात. विषाचा दुसरा आन.” माझ्यासाठी कुणी असं बोट उगारेल, हे मला हौदातल्या परीक्षेच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी फिरलो. तय्यबा पुढे लग्न होऊन अकलोलीला गेली, तर तिथेही गेलो, एसटीने! कंडक्टर म्हणाला, “बाई, याचं लगेज लागेल.” ती म्हणाली, “लावा. पण मग याला बसायला जागा पण द्या.” त्याने दिली. मी खिडकीपाशी बसून गेलो. अकलोलीच्या तिच्या परसात रेघांचं, काटेरी वांगं आहे. तिच्या नणंदेकडे आहे. मोरूकडेही आहे, आणि तो ते स्वतःच्या नावाने सांगतो. सांगू दे. बी आहे ना जिवंत?

१९९४ साली घरात प्लास्टिकचा पंप आला. हलका, निळा, फुशारक्या मारणारा. माझा आतला, हवा दाबणारा दट्ट्या झिजला होता. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तो काट्याचा आकडा. पण केसरीनाथांनी मला चिंचेने घासलं, पुसलं आणि टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये उभं केलं. पाहुण्यांना सांगतात, “ह्यानं आमच्या घरचं बी वाचवलं.” पाहुणे मान डोलावतात. त्यांना वाटतं, केवढा मान!

आणि इथेच माझं भांडण आहे.

मित्रांनो, मला हा मान नको. मी काचेआड चकाकतोय, आणि बाहेर पुन्हा चैत्र लागलाय. निळा पंप विष फवारून दमलाय, त्याला कुणी धूत नाही आणि त्याच्यात माती भरायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. केसरीनाथांचं वय झालंय, नव्या हातांना वाटतं की विहीर खोल केली की झालं. विहिरीतलं पाणी जाताना सगळ्यांना दिसतं. पानातून जाणारं कुणालाच दिसत नाही, म्हणून ते कुणी वाचवत नाही. एक पिशवी बांधा हो! एक दोरा, एक दुपार. मग तुमच्या ओंजळीत पाणी पडेल आणि तुम्हालाही कळेल.

माझा दट्ट्या बदलायला अर्धा तास लागतो. नोझल सुईने मोकळं होतं. मला आधी नीट धुवा, माती नीट गाळा, पानाला खालून हात धरा. एवढीच माझी निगा. हार नको, चिंच नको, शोकेस तर मुळीच नको.

या काचेतून मला वांग्यांची रांग दिसते. दुपारचे दोन वाजलेत. पानं खाली झुकू लागली आहेत.

उघडा हे दार. उचला मला.